सेइपोनेचा संडास

सेरोवे गावाहून पश्चिमेला गाडीने तीन तास गेलं की मोसेकीचं गुरांचं ठाणं लागतं. एक कूपनलिका, काटेरी फांद्यांची दोन वाडगी, दोन झोपड्या. म्हाताऱ्या मोसेकीचे गुडघे कामातून गेले तेव्हा त्याची लेक सेइपोने शाळेतली स्वयंपाकिणीची नोकरी सोडून इथे राहायला आली. तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. भाऊ खाणीत होता आणि त्याला खाणच बरी वाटत होती.

गुरांचं काम तिच्या हाताला बसलं. एखादी पहिलटकरीण गाय अडली तर ती कोपरापर्यंत साबण लावून वासराचे पाय ओढी. वासरू उभं राहून चीक प्यालं की मगच हात धुई. गोऱ्हे चार महिन्यांचे झाले की बडवायचे, मांडीवर डाग द्यायचा, लस टोचायची, आठव्या महिन्यात आईपासून तोडायचं. कोरड्या महिन्यांत गुरं रानातली जुनी हाडं चघळतात आणि लुळी पडून मरतात, म्हणून ती मिठात हाडांची पूड कालवून ठेवी.

अशा रीतीने वाढवलेले पहिले तीन बैल अडीच वर्षांचे होऊन ट्रकमध्ये चढले. चौथ्या दिवशी कत्तलखान्यातून फोन आला. तिघांच्याही मांसात गाठी होत्या. दर निम्म्यावर आला.

ती गुरांच्या दवाखान्यात, तिथल्या डॉक्टर टिरोकडे गेली.

"म्मा, गुरं कुठे चरतात?" त्याने विचारलं.

"ठाण्याभोवतीच."

"आणि तुम्ही माणसं सकाळी कुठे जाता?"

सेइपोने खाली बघू लागली.

"तेच तर," टिरो म्हणाला. "माणसाच्या पोटात लांब जंत असतो. त्याची अंडी गवतावर पडतात, वासरू ते गवत खातं, आणि त्याच्या मांसात तांदळाच्या दाण्यासारख्या गाठी होतात. ते मांस कच्चं राहिलं की जंत परत माणसात. तुमच्याकडे निखाऱ्यावर नुसतं दाखवून कोण खातं?"

"आमचा म्हातारा."

टिरोने दोघांपुरत्या गोळ्या कागदात बांधून दिल्या.

खड्डा खणायला तिला नऊ दिवस लागले, कारण हातभर खाली चुनखडीचा थर होता. मोसेकी स्टुलावर बसून बघत होता.

"विहीर का?"

"संडास."

"कोणासाठी?"

"आपल्या दोघांसाठी, रा," ती बापाला आदराने म्हणाली.

"ऐंशी वर्षं मी या रानात बसतोय. रानाने कधी तक्रार केली नाही."

"कत्तलखान्याने केली."

"त्यांना माझ्या बसण्याशी काय करायचंय?"

तिने सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि आंबट दूध मागितलं. गोळी त्याने घेतली, गोळ्या त्याला आवडत. पण पत्र्याच्या त्या खोलीत तो पाऊल टाकेना. रोज सकाळी काठी टेकत बाभळीमागे जाई.

पुढचा ट्रक आला तेव्हा मोसेकीनेही आपला लाडका बैल द्यायचं ठरवलं. पांढऱ्या पोटाचा, सहा वर्षांचा, नाव मंत्री. सेइपोनेने त्याला रांगेतून बाजूला काढलं.

"मंत्री राहू दे," ती म्हणाली.

"का म्हणून?"

"त्याच्यात गाठी निघाल्या तर ट्रकवाल्यापासून कारकुनापर्यंत सगळ्यांना कळेल, मोसेकी कुठे बसतो ते."

ट्रक गेला. चार दिवस म्हाताऱ्याने तिच्याशी फक्त गुरांपुरतं बोलणं ठेवलं.

पाचव्या दिवशी म्हणाला, "तुझ्या त्या डब्याचं तोंड चुकलंय."

"कुठे हवं?"

"वाडग्याकडे. बसल्याबसल्या वासरं दिसली पाहिजेत. आणि दार नको."

तिने दोन दिवस खपून पत्रे उलटे फिरवले. मग मोसेकी रोज तिथे तासभर बसू लागला. कोणतं वासरू लंगडतंय, कोणत्या गाईने पान्हा चोरलाय, हे तो आतूनच ओरडून सांगे. सेइपोने तिकडे पाठ करून लापशी ढवळी आणि ऐकून घेई. खरं तर त्याचं बहुतेक बरोबर निघे.

दुसऱ्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तो गेला. अंत्यविधीच्या जेवणाला मंत्रीच कापला. मांस पुरतं शिजेपर्यंत तिने कोणाला हात लावू दिला नाही. जेवायला आलेले पुरुष कुरकुरले.

संडास झाल्यानंतर जन्मलेले पाच गोऱ्हे बैल होऊन बाजारात गेले. चार स्वच्छ निघाले, एकात गाठी होत्या. टिरो म्हणाला, "मधे कुंपण नाही, म्मा. शेजारच्या ठाण्यावर सहा गुराखी आहेत."

ती त्या ठाण्याच्या मालकाकडे गेली. तो हसला, मग चहा दिला. संडास खणायला अजून तो तयार नाही. ती महिन्यातून एकदा जाते, चहा पिते आणि विषय काढते.