चुना, काव आणि सासरे

मद्रासला घर घेतलं आणि पहिल्याच महिन्यात मी त्याचं देऊळ केलं.

हेतू चांगला होता हो! सासूबाई गेल्यापासून सासरे तंजावरला एकटेच. ललिता, म्हणजे माझी बायको, त्यांना कायमचं घेऊन यायला निघाली होती. पण आप्पांचं एकच पालुपद : "जावयाच्या घरात मी राहणार नाही!" (त्यांचं मराठी तंजावरचं, तमिळ हेल काढून बोललेलं. त्यामुळे 'नाही' जरा जास्तच लांबायचं.)

"चार दिवस येतो, बघतो म्हणालेत," ललिता निघताना म्हणाली. "पुढची भिंत तेवढी रंगवा. साधा क्रीम रंग. कळलं?"

आता पुण्याच्या माणसाला रंग कळत नाही, असं कोण म्हणेल? दुकानदाराने शेडकार्ड पुढे केलं. क्रीम, बिस्किट, हस्तिदंती... सगळे मेले काविळीतून उठल्यासारखे! त्यापेक्षा बसमधून दिसणाऱ्या त्या पांढऱ्या-तांबड्या उभ्या पट्ट्यांच्या भिंती किती झोकदार! आप्पा खूश होणार, याची मला खात्रीच होती. अशा प्रत्येक भिंतीमागे देवळाचं एक गोपुर असतं, एवढंच काय ते माझ्या नजरेतून निसटलं.

चुना आणला, काव आणली आणि स्वतःच्या हाताने पट्टे ओढले. (सरळ! दोरी धरून!)

संध्याकाळी एक सायकलवाला फाटकासमोर उतरला, चपला काढल्या, स्वतःच्या गालांवर चापट्या मारून गेला. मला वाटलं, दाद देतोय. सकाळी कुणीतरी कापूर लावला. मग फुलवाली टोपली घेऊन फाटकाशीच बसली. एका आजोबांनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं, त्यातलं 'शुक्रवार' तेवढं कळलं. नवे शेजारी, कशाला दुखवा? मी ठणकावून म्हणालो, "आमा, आमा!" म्हणजे हो, हो!

शुक्रवारी फाटकाबाहेर ही रांग! हातात डबे, द्रोण. आजोबांनी प्रसादाचं विचारलं होतं! मी नुकताच न्हाऊन, उघडाबंब, पंचा सावरत धावलो.

"इल्ले! इल्ले!" नाही, नाही म्हणून ओरडलो. कोण ऐकतो!

आणि फाटकाशी, चपला काढून, डोळे मिटून, हात जोडून उभे... आप्पा! ललिता कोपऱ्यावर दूध घ्यायला थांबलेली, आणि हे आपले लेकीचं घर शोधत पुढे आलेले.

"आप्पा, मी!"

त्यांनी डोळे उघडले. पंच्यापासून टकलापर्यंत मला न्याहाळलं.

"जावईबापू? बँकेतली नोकरी सोडली?"

मागून ललिता आली. "अय्यय्यो! भिंतीला देवळाचे पट्टे? क्रीम सांगितलं होतं ना मी!"

संपलं सगळं! आता हे आल्या पावली परत जाणार, आणि ललिता जन्मभर मला ऐकवणार.

आप्पांनी शांतपणे भिंत पाहिली, रांग पाहिली, आणि खो खो हसत सुटले.

"ललिते, माझी पेटी आत घे. जावयाच्या घरात राहणार नाही म्हटलेलं. देवळात राहायला काय हरकत? आणि ह्या माणसांना आधी पोंगल घाल. उपाशी नको जायला."

ललिताने पोंगल, म्हणजे तांदूळ-मुगाची खिचडी, रांधला आणि पातेलं घेऊन पंच्यावरच मी तो सगळ्यांना वाढला. दुसऱ्या दिवशी भिंत क्रीम झाली, पण आप्पा राहिले ते कायमचे. मात्र सासऱ्यांनी माझ्यापुढे हात जोडले ते तेवढे एकदाच. पुढे रोज मीच जोडत आलो!