साजूक तुपातले उपवास

"कोलेस्टेरॉल काफी बढ़ा हुआ है. तीन महीने परहेज करके देखते हैं, वरना गोली," नोएडाच्या नव्या हॉस्पिटलातले डॉक्टर रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाले.

माझे वडील पंचेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. हा रिपोर्ट आला तेव्हा मी त्रेचाळिसाची होते. पुढचं काही मला ऐकूच आलं नाही.

डॉक्टरांनी मला सिस्टरांकडे पाठवलं. माझ्यासारख्यांचा वर्ग दर शनिवारी त्याच घ्यायच्या. लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. त्यातलं एलडीएल रक्तवाहिन्यांत साचतं, तेच खाली आणायचं. हे त्यांनी छान समजावलं. पण उदाहरणं सगळी पराठे, मख्खन आणि छोले-भटुऱ्यांची. मी मनात म्हटलं, आपण यातलं काही खातच नाही.

चालायचं होतं. आमच्या सेक्टरात फुटपाथ अजून व्हायचे होते. खडीचे ढीग आणि कुत्री चुकवत मी रोज चालले. ऑफिसातला समोसा सोडला. चतुर्थी होतीच, त्यात सोमवार आणि गुरुवारही धरले.

"व्रत? बहुत अच्छा," सिस्टर म्हणाल्या.

तीन महिन्यांनी आकडा उलट वर. मला रडू आलं आणि संतापही.

"आपने जो बोला, सब किया मैंने," मी सिस्टरांना सुनावलं.

"आज क्या खाया?"

गुरुवार होता. मी ऑफिसातून तशीच आले होते. उरलेला डबा उघडून दाखवला. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी. उपवासाला आमच्याकडे तेल चालत नाही, म्हणून सगळं साजूक तुपात, वर ओलं खोबरं.

"मैं तो समझी, आप फल खाती हैं," सिस्टर हळूच म्हणाल्या.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"अगं, एकादशी आणि दुप्पट खाशी, म्हणतातच ना," हे म्हणाले.

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"खिचडी बंद झाली असती."



गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातूनच आलंय, नुसत्या पथ्यावर भागणार नाही. पण पुढच्या शनिवारी सिस्टरांनी फळ्यावर पराठ्याखाली साबुदाणा लिहिला, आणि चूक त्यांचीही होती असं वर्गाला सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हाला कोणी विचारलं काय खाता, तर उपवासाचंही सांगा.

आकडा आता उतरलाय. वडिलांचं वय मी मागच्या वर्षी ओलांडलं.

मधली वर्षं उपवास बंदच होते; परवा चतुर्थीला पुन्हा धरला आणि पपई आणि ताक घेऊन ऑफिसला गेले. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले. इतक्या वर्षांच्या उपवासांत मला पहिल्यांदाच भूक लागली होती.