डुगाँगच्या पोटात

परवा सोफ्यासाठी नवा फोम आणला आणि त्याच्या रबरी वासानं मला इथल्या अबू हमूर भागातला तो हॉल आठवला. माझी बायको डुगाँगवर, म्हणजे इथल्या आखाती समुद्रात गवत खाऊन जगणाऱ्या दुर्मिळ प्राण्यावर, संशोधन करते. त्या वर्षी तिचा निधी बंद पडला, बोट मिळेना. म्हणून मराठी मंडळींच्या स्नेहसंमेलनात तिनं मदत करणाऱ्यांच्या नावांसाठी एक वही मांडली आणि लोक थांबावेत म्हणून मला फोमच्या डुगाँगमध्ये कोंबलं. आत घामाच्या धारा लागल्या होत्या. “अंकल, आर यू अ सील?” पोरं विचारत होती. मोठ्यांनी हौसेनं सेल्फी काढले. एक काका म्हणाले, “वहिनी, हे सरकारचं काम, आपण कशाला?” आणि वडापावच्या रांगेत गेले. वही कोरीच. मी वैतागून बाहेर पडायला गेलो, तर पाठीवरची चेन अडकली. तेवढ्यात पाण्याचे खोके घेऊन आलेला ड्रायव्हर थबकला. “ताई, ह्ये जनावर म्या बघितलंय. तिकडं शमालच्या किनाऱ्याला, जाळ्यात गुतून मेल्यालं.” मोबाइलवर फोटोही होता. बायको खुर्चीतून उठलीच. “जागा दाखवाल?” “शुक्रवारी सुट्टी असती. जाऊ की.” त्यानं वहीत पहिलं नाव लिहिलं. आज किनाऱ्यावरच्या बहुतेक खबरा तिला तो आणि त्याच्या खोलीतली माणसं देतात. सेल्फीवाल्यांपैकी अजून एकानंही फोन केलेला नाही, आणि दर संमेलनात ते मला हसत विचारतात, “काय, यंदा डुगाँग नाही?”