तीस सेकंद हलायचं नाही

डासांच्या मलमाचा वास आला की नेरूळच्या सोसायटीची गच्ची आठवते. ऑफिस, स्वयंपाक सगळं उरकून मी नवऱ्याला जेवायला बोलवायला वर गेले होते. तो हातापायांना ते मलम चोळून, ट्रायपॉडवर कॅमेरा लावून ताऱ्यांचे फोटो काढत होता. मला टाकीजवळ उभं करून म्हणाला, "तूही फ्रेममध्ये ये. शटर तीस सेकंद उघडं राहील, हलायचं नाही, नाहीतर धूसर येशील." जिन्यातून मुलीने हाक मारली, "आई, आजी गोळी मागतेय!" पण हलायचं नव्हतं, म्हणून मी ओ दिली नाही. फोटो पांढराफटक आला. रस्त्यावरच्या दिव्यांनी तारे पुसून टाकले होते. "वेळ कमी करतो, पाच सेकंद बास," तो म्हणाला. मी घाईने म्हटलं, "नको, वेळ तेवढाच ठेव. ते उजेड कमीजास्त टिपायचं, आयएसओ का काय म्हणतोस, ते कमी कर ना." तो खूश झाला. "अरे वा, तुला यातलं कळायला लागलं की!" पुढच्या फोटोत मोजके तारे आले आणि त्यांच्याखाली मी, स्पष्ट, डोळे मिटलेली. हल्ली तो मोबाइलवरच फोटो काढतो, लगेच निघतात. हलू नकोस, असं मला आता कोणी सांगत नाही.