दार लोटून खाल्लेली अर्धी भाकरी

कमलवैनींचं नाव आधी घेतो, मग काय घडलं ते सांगतो. नववीत माझी शाळा सुटली. वडील अंथरुणाला खिळलेले, आणि गल्लीनं माझं नाव ठेवलेलं 'नववी पळाला'. त्या नावानं हाक आली की मी खरंच पळायचो. तेव्हा गल्लीतल्या या बाईनं तमिळनाडूत सेलमला असलेल्या आपल्या भावाला फोन लावला आणि मला त्याच्याकडं चांदीच्या पैंजणांच्या कामावर चिकटवलं. अजून तिथंच आहे. कोल्हापुरातलं घर त्यावरच चालतं. या आषाढात त्यांचाच फोन आला. आवाजात रडं नव्हतं. म्हणाल्या, "गल्लीचा पैलवान गेला म्हणून बाहेर सगळी रडाल्यात. माझा नवरा गेला रे... ते कुणाला सांगू?"

लिहायची मला सवय नाही. पेपरात छापून आलं तर गल्ली वाचणार, आणि वाचून काय म्हणणार, याची धास्ती हे लिहितानाही आहे. तरी लिहितो.

वैनींच्या नवऱ्याचं नाव आनंदा. मी दादा म्हणायचो, बाकी सगळे पैलवान. खरा पैलवान त्याचा बाप. बापानं मैदानं मारलेली, गल्लीतून मिरवणुका निघालेल्या. दादाला पोरवयातच तालमीत घातला, पण गुडघा मोडला आणि तालीम सुटली. अंग मात्र बापाचं घेतलेलं, थोराड. गल्लीला पैलवान पाहिजेच होता. कुस्ती नसेना, जेवण तर होतं! आषाढात नदीचं नवं पाणी टेंबलाई देवीला वाहून आलं की आमच्या गल्लीत मटणाची पंगत बसते. दादाला मधोमध बसवायचे. पांढऱ्या रश्श्याची बादली त्याच्यापुढं येऊन थांबायची आणि शेजारपाजारची माणसं आपला घास हातात धरून बघत राहायची. "पैलवान, बापाचं नाव घालवतासा काय? घ्या की!" दादा हसायचा आणि वाटी तोंडाला लावायचा. लग्नाला बाहेरचे पावणे आले की त्यांना जोतिबा दाखवायचा, रंकाळा दाखवायचा आणि पैलवानाला जेवताना दाखवायचं. पुढं मोबाईल आले, मग त्याच्या प्रत्येक घासाचा व्हिडिओ निघू लागला. दूध संकलनाचा टेम्पो चालवून तो दोन पोरी शिकवत होता, याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

एका दिवाळीला मी सुट्टीवर आलो आणि न सांगता त्यांच्या घरात शिरलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दादा जमिनीवर बसून, पोरींच्या लहानपणीच्या काठाच्या ताटलीत, अर्धी भाकरी दुधात कुस्करून खात होता. मला बघून असा दचकला, जसं काही चोरी करताना सापडला. "दार लोट आधी," म्हणाला. मी लोटलं. मग बोलला, "मला एवढंच लागतं रे. लहानपणापासनं एवढंच. पण पैलवान अर्धी भाकरी खातोय म्हटल्यावर बाहेर काय उरतंय माझं?" थोडं हसून पुढं म्हणाला, "बापानं मैदानं मारली, मी पंगती मारल्या." ती आमची शेवटची भेट. सेलमला परत येताना गाडीत विचार करत होतो... माणूस आपल्या भुकेनं जेवतो, असं आपण समजतो. दादा गल्लीतल्या चाळीस घरांच्या भुकेनं जेवत होता.

मागच्या वर्षी त्याच्या पायावर सूज आली, दम लागायला लागला. वैनींनी राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेलं. तिथं नर्सबाईनं "आनंदा" म्हणून नाव पुकारलं, तर हा उठेचना. वैनींनी कोपर मारलं, "अवो, तुम्हालाच!" डॉक्टरनं सांगितलं, हृदय थकलंय, मीठ तोडा, मटण-रस्सा बंद, पाणीसुद्धा मापात. वैनींनी घरात सगळं पाळलं. गल्लीत जाऊन हातही जोडले. "व्हय व्हय वैनी, काळजी करू नका," म्हणाले सगळे.

आणि आषाढ आला. पंगत बसली, दादाला मधोमध बसवलं. तांबडा झाला, सुकं झालं, पांढऱ्याची बादली पुन्हा आली. पुरे म्हणायला ताटावर हात आडवा धरायचा तो जेवणाऱ्यानं, ही आमच्याकडची रीत. दादानं धरला नाही. तेव्हा बायकांच्या बाजूनं कमलवैनी उठल्या, भर पुरुषांच्या पंगतीत आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या ताटावर आपला हात आडवा धरला. गल्लीनं असलं कधी बघितलं नव्हतं. कुणीतरी ओरडलं, "पैलवानाला बायकोनं चितपट केला!" हशा पिकला. वाढप्यानं वगराळं थांबवलं नाही. उकळता रस्सा वैनींच्या हातावर पडला. त्यांनी हात हलवला नाही. हलवला तो दादानं... मनगटाला धरून बाजूला केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जा घरात." टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. दादा वाटीवर वाटी प्याला. त्याच रात्री त्याला श्वास घेता येईना. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. वाटेत वैनींचा भाजलेला हात धरून एवढंच म्हणाला, "लई भाजलं काय?"

दिवसकार्याला मी गेलो. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. दादाचं तोंड, आणि खाली कुणा दुसऱ्याचंच पिळदार अंग, खांद्यावर गदा. नाव 'पैलवान'. आनंदा कुठंच नाही. वैनी त्याच्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही छाती कुणाची?" पंगतीत बुंदी वाढताना एकजण म्हणाला, "पैलवान असता तर आपल्याला ऱ्हायली असती का?" सगळे हसले. बायकांत वेगळंच चाललं होतं. भरल्या ताटावर बाईनं हात धरला, तिथंच घात झाला म्हणे. म्हणजे ज्या एका माणसानं त्याला वाचवायला हात घातला, तिच्याच हातावर गल्लीनं मरण ठेवलं. आता ती हळदीकुंकवाला नको, पाणी वाहायला नको. परवा फोनवर त्याच म्हणाल्या, "माझा हात वाईटच असंल रे." हे ऐकून मी घाबरलो. गल्ली म्हणते तेच खरं मानायचं, दादाचंही असंच सुरू झालं असणार.

दिवसकार्याहून निघताना वैनींनी ती काठाची ताटली माझ्या पिशवीत घातली. "हितं बघवत न्हाय," म्हणाल्या. सेलमला मी त्यातच जेवतो. अर्धी भाकरी बरोबर मावते तिच्यात. इथं मला कुणी ओळखत नाही, तरी जेवायच्या आधी हात आपोआप दाराकडं जातो. मग मुद्दाम दार सताड उघडतो.

वैनी, कधीतरी आषाढात मी येईन. मधोमध बसेन, जिथं दादा बसायचा तिथं, समोर हीच ताटली घेऊन. बादली आली की हात आडवा धरेन आणि मोठ्यानं सांगेन, हा हात मला कमलवैनींनी शिकवला. मला भीती वाटते, हे आत्ताच सांगून ठेवतो. गल्ली मला काय नाव ठेवेल तेही माहीत आहे. पण रस्सा पडला तर पडू दे. हात काढणार नाही.