बाटलीतलं पाणी अन् नळाचं पाणी

चिखल्याला खदानीच्या वस्तीत नळ आला तेव्हा बायांनी नारळ फोडला होता. पाणी दारात, तेही फुकट! पण फुकटच्या वस्तूवर कोणाचा भरवसा बसतो? आमचा भरवसा होता सलाईनवर. डॉक्टरनं 'बाटल चढवली' की मरायला टेकलेला माणूसही उठून बसतो, अशी वस्तीची पक्की समजूत. दुसरी समजूत त्याहून पक्की होती. हगवण लागली की पाणी तोडायचं. वरून दिलं की खालून जाते, मग देता कायले? एवढी आमची अक्कल.

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला हगवण लागली. ती चार वर्षांची, मी अकराची. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले, तसे बाबा खदानीतली पाळी बुडवून तुमसरला डॉक्टर आणायला निघाले. घरी येऊन बाटल चढवायचे पैसे हप्त्याच्या मजुरीहून जास्त. मायनं लग्नातला पाणी भरायचा पितळी गुंड काढून दिला.

"हा मोडा, पण बाटल आणा," ती म्हणाली. मग खराब झालेले कपडे घेऊन नळावर जाता जाता मला बजावलं, "तिले पाणी देजो नको. थेंबभरही नाही."

मी माठाला पाठ लावून बसले.

"मले पाणी दे ना वं बाई," बहीण खाटेवरून म्हणत होती.

"गप! बाबा बाटल घेऊन येऊन राहिले."

थोड्या वेळानं ती खाटेवरून उतरली अन् रांगत माठापर्यंत आली. मी तिला उचलून पुन्हा खाटेवर टाकलं. वरून डोळेही वटारले. आग लागो त्या शहाणपणाला!

दुपार कलल्यावर डॉक्टर आला. त्यानं दोन्ही हात पाहिले, पाय पाहिले. शीर सापडेना. अंगात पाणीच उरलं नाही, म्हणाला. बाटली भिंतीच्या खिळ्याला भरलेलीच राहिली अन् माझी बहीण गेली.

चार-पाच वर्षांनी सरकारी दवाखान्याची नर्सबाई वस्तीत आली. तिनं नळाचं पाणी चुलीवरच्या गंजात उकळून थंड केलं, त्यात मीठ-साखर मोजून घातली.

"हगवण लागली की हे पाजत राहा. बाटलीत तरी याहून वेगळं काय असते?"

माय मागं बसली होती. तिनं विचारलं, "अन् पाणी तोडलं तं?"

"तोडू नका हो बाई. त्यानंच तर लेकरं जातात."

घरी येऊन माय चुलीपुढे बसली, पण चूल काही पेटवली नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, "माय, ती मागत होती. मी दिलं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं.

"एरवी तं माह्यं एक ऐकत नव्हती तू," ती म्हणाली. "त्याच दिवशी काहून ऐकलं?"