कढीलिंबावरचं फुलपाखरू

आमच्या शाळेमागच्या दगडी कुंपणाच्या गडग्यावर ईश्वरीची वेल पसरलेली आहे. पावसाळा सरला की मी आठवीच्या वर्गाला तिथे घेऊन जाते. त्या वर्षीही नेलं आणि ठासून सांगितलं, "काळ्या पंखांवर पांढरे पट्टे आणि लाल ठिपके असलेलं हे फुलपाखरू ईश्वरीवरच अंडी घालतं. वेलीतलं विष अळीत उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत."

मिऱ्याहून येणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या घरामागच्या परड्यात कढीलिंबावर पण घालतं. मी काल बघितलं."

"तू नीट पाहिलं नसशील," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने कढीलिंबाची एक फांदीच आणून टेबलावर ठेवली. तिच्यावर पाच-सहा हिरव्या अळ्या होत्या. एकीला बोट लावलं तर डोक्यामागून लालभडक शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. ईश्वरीवरच्या अळ्या तांबूस-काळ्या असतात, या तर वेगळ्याच होत्या. मी चरकले. फांदी घरी नेली आणि मोठ्या बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधली. रोज ताजा पाला घालत राहिले.

कोश फुटले तेव्हा आधी दोन नर निघाले. काळे, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, लाल रंग जवळजवळ नाहीच. मागून एक मादी निघाली. पंख थेट ईश्वरीवरच्या फुलपाखरासारखे! फक्त अंग काळं होतं, त्या विषारी फुलपाखराचं लाल असतं.

ती बरणी घेऊनच मी वर्गात गेले. "हिने नीटच पाहिलं होतं. माझं चुकलं," असं सगळ्यांसमोर सांगितलं. ती मुलगी लाजली, पण हसू काही लपेना.

मग मी समजावलं. कढीलिंबावरची ही जात वेगळी, हिला विष नाही. मागे कधीतरी काही माद्या विषारी फुलपाखरासारख्या थोड्याफार दिसू लागल्या. पक्षी फसले, त्या वाचल्या, त्यांच्या लेकीही वाचल्या. पिढ्यान् पिढ्या साम्य वाढत गेलं.

"पण बाई, मग नर फसत नाही?" तिनेच विचारलं.

"चल, बघू."

गडग्याजवळच्या घाणेरीच्या फुलांवर दोन्ही जातींच्या माद्या होत्या. बरणीतल्यांसारखा एक काळा नर आला, लाल अंगाच्या मादीभोवती एक गिरकी घेऊन निघून गेला. काळ्या अंगाच्या मादीपाशी मात्र थांबला, तिच्यावर पंख फडफडवत राहिला. पक्ष्याला रंग पुरतो, मी सांगितलं. नर जवळ जाऊन वासही घेतो, आणि म्हणूनच दिसायला एक असल्या तरी या जाती एकमेकींत मिसळत नाहीत.

तिने ते वहीत उतरवून घेतलं, आणि पुढच्या वर्षी नववीत गेल्यावर नव्या आठवीला गडग्यापाशी तो धडा तिनेच शिकवला.